आधी सहज येईल ते घ्यावे



पावसाळ्यात आमच्या घरचा संगणक फारच मंदावला. सुरू करून चहा टाकावा, तर चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. जुन्या ५०० जीबीच्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या एसएसडीवर उतरवायची, म्हणजे क्लोनिंग करायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले. त्या डिस्कवर गायनमंडळाची टाइप केलेली गीते होती, मुलांच्या प्रथम कम्युनियनचे फोटो होते, आणि त्यांच्या आजीच्या आवाजातल्या तीन प्रार्थना होत्या. आजी आता आमच्यात नाही.

काम ६१ टक्क्यांवर थांबले. वाचताना चूक झाली, एवढेच पडद्यावर आले. आम्ही पुन्हा सुरू केले, पुन्हा ६१. केबल बदलली. तिसऱ्या वेळी डिस्क टकटक वाजू लागली.

मग पुण्याला मुलाला फोन लावला. त्याने डिस्कची स्मार्ट माहिती वाचायला लावली. वाचता न आलेल्या सेक्टरांपुढे शून्य नव्हते. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, केबलचाही नव्हता. डिस्कच आजारी होती. आम्ही चेकडिस्क चालवणार होतो. तो म्हणाला, "बाबा, नको. मरायला टेकलेल्या डिस्कला सगळीकडून खरवडू नका. परत मिळणार नाही ते आधी बाहेर काढा."

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आम्ही आधी प्रार्थनांची फाइल-फाइल उतरवली. दोन आल्या. तिसरी अर्ध्यावर अडकली. मग रात्रभर डीडीरेस्क्यू चालवले. त्याची रीत अशी की, जे सहज वाचता येते ते आधी उचलायचे. जे अडते त्याची एका नकाशा-फाइलमध्ये नोंद करून पुढे जायचे, आणि तिथे मागाहून परतायचे. सकाळी जुनी डिस्क काढून संगणक सुरू केला. तो सुरू झाला. दोन फोटो अर्धे करडे निघाले. तिसरी प्रार्थना आलीच नाही. आमच्या तीन हट्टी प्रयत्नांत ती गेली की आधीच गेली होती, हे आता कळणार नाही.

धर्मग्रामातल्या आजाऱ्यांना भेटायला आम्ही जातो. तिथे कुणाला बोलता येत नसेल तर आम्ही खोदून विचारत नाही. सांगता येईल तेवढे ऐकतो, उरलेल्यासाठी पुन्हा जातो. माणसांपाशी पाळतो तो धीर घरच्या यंत्रापाशी आम्हाला सुचला नाही.

आजीच्या दोन प्रार्थनांची एक प्रत आता बहिणीच्या घरी ठेवली आहे. आपल्याही घरी असा एखादा आवाज एकाच डिस्कवर असेल, तर संगणक मंद होण्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्याची प्रत करून घ्या.