वेस्ट बेचा घाट

कतारच्या नकाशावर समोच्चरेषा शोधायला बसलात तर हाती फारसं काही लागत नाही. देशातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे दक्षिणेकडचं कुरैन अबू अल-बौल, आणि त्याची उंची अवघी १०३ मीटर. भूगोलात एम.ए. करून साताऱ्यात शाळेच्या पोरांना सह्याद्री शिकवलेल्या माझ्यासारखीला इथे आल्यावर पहिलं वर्षभर काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. डोळे वर उचलले की डोंगर दिसायला हवा, ही सवय. वेस्ट बेमध्ये डोळे वर उचलले की टॉवर दिसतात.

इथली जमीनसुद्धा मूळची नाही. या भागाचं अरबी नाव अद-दफना, म्हणजे भराव. १९७० च्या दशकात समुद्राचा तळ उपसून, उथळ किनाऱ्यावर भर घालून ही जमीन तयार केली. १९८२ साली तिच्या टोकाला शेरेटन हॉटेलचा पिरॅमिड उभा राहिला. विल्यम पेरेरा या अमेरिकन वास्तुविशारदाचं ते काम. पुढे त्याच्याभोवती काचेचं जंगल वाढलं. जाँ नुव्हेल यांचा जाळीदार अंगरखा घातलेला दोहा टॉवर २०१२ मध्ये पूर्ण झाला. २०१९ मध्ये खालून मेट्रोची लाल मार्गिका धावू लागली. आमच्या खिडकीतून सात किलोमीटरचा कॉर्निश कोयत्यासारखा वळलेला दिसतो आणि खाडीपलीकडे इस्लामिक कला संग्रहालयाची पांढरी इमारत. सुंदर आहे, यात वाद नाही. पण सगळं कसं पट्टीनं आखल्यासारखं सपाट.

अशा या भरावाच्या जमिनीवर राहून आम्ही तीन मराठी कुटुंबांनी यंदा जवळजवळ चार महिने एकाच गोष्टीवर वाद घातला. व्हॅनला गिअरबॉक्स कोणता बसवायचा?

व्हॅन म्हणजे १९७२ ची फोक्सवॅगन कोम्बी. दोहा सोडून चाललेल्या एका गृहस्थाकडून तिघांनी समान वर्गणी काढून घेतली. आमच्या शेजारचे नाशिककर भाऊजी-वहिनी, समोरच्या टॉवरमधले नागपूरकर आणि आम्ही. साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर ती दाखवली, तेव्हा सासरे म्हणाले, "अगं, ही तर मॅटाडोर!" मी हसले, पण नंतर लक्षात आलं की ते फार चुकले नव्हते. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर, जिच्यातून महाराष्ट्रात एके काळी वऱ्हाडं, भाजीपाला आणि शाळेची पोरं सारखीच कोंबून नेली जात, तिचं नाव आणि घराणं जर्मनीतल्या हाम्बुर्गजवळच्या टेम्पो कारखान्याचं. त्या कारखान्यानं १९४९ साली पहिली मॅटाडोर काढली, तेव्हा तिच्यात इंजिन बसवलं होतं ते फोक्सवॅगनचंच. पुढे फोक्सवॅगननं इंजिनं देणं थांबवलं, कारण तोवर तिची स्वतःची व्हॅन बाजारात आली होती. मग टेम्पोवाल्यांना दुसरं इंजिन शोधावं लागलं. म्हणजे व्हॅनचं इंजिन बदलणं हा काही आजकालच्या हौशी लोकांचा उद्योग नाही. खुद्द फोक्सवॅगननंसुद्धा ब्राझीलमध्ये २००५ च्या अखेरीस कोम्बीचं हवेवर थंड होणारं इंजिन काढून पाण्यावर थंड होणारं बसवलं, आणि ती गाडी २०१३ पर्यंत तयार होत राहिली.

आमच्या कोम्बीचं मूळ इंजिन जाम झालं होतं. तसंही पन्नासएक अश्वशक्तीचं हवेवरचं इंजिन आणि दोह्याचा जुलै यांचं फारसं जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे इंजिन सुबारूचं घ्यायचं, यावर एकमत चटकन झालं. तेही आडवं, चपटं, चार सिलिंडरचं; कोम्बीच्या मागच्या खणात जवळजवळ आपलंच घर असल्यासारखं बसतं. पाणी थंड करायला रेडिएटर पुढे लावायचा आणि गाडीखालून नळ्या न्यायच्या. ताकद एकशेतीस अश्वशक्तीच्या आसपास. इथवर सगळे खूश.

गाडी अडली ती गिअरबॉक्सपाशी. पहिला मार्ग होता व्हॅनचा मूळ चार गिअरचा बॉक्स उघडून, बेअरिंग आणि सील बदलून तोच ठेवायचा आणि मधे एक अ‍ॅडॅप्टर प्लेट टाकून सुबारूचं इंजिन त्याला जोडायचं. दुसरा मार्ग होता सुबारूचाच पाच गिअरचा बॉक्स घ्यायचा. ऐकायला दुसरा मार्ग सोपा वाटतो, इंजिनाचा सख्खा भाऊच तो. पण त्यात एक गंमत आहे. सुबारूच्या मोटारीत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे असतो. कोम्बीत इंजिन अगदी शेपटाला आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. म्हणजे सगळी जोडी उलटी फिरवून बसवायची. तशीच बसवली, तर गाडीला मागे जायचे पाच गिअर आणि पुढे जायचा एक! त्यासाठी आतली क्राऊन व्हील आणि पिनियनची जोडी उलट्या बाजूनं कापलेली, खास बनवलेली लागते, आणि ती परदेशातून मागवावी लागते. शिवाय मूळ बॉक्स चारही चाकं फिरवणारा, त्याचा मागचा रस्ता बंद करायचा. गिअरच्या दांड्याच्या जागी केबली टाकायच्या. खर्चातला फरक साधारण एका मुलाच्या शाळेच्या एका सत्राच्या फीइतका होता, आणि वेळेतला फरक तीन-चार महिन्यांचा.

हा वेळ खरा अडचणीचा होता. नाशिककर भाऊजींचा करार संपत आला होता. मुलाची दहावी पुढच्या वर्षी, आई एकटी. त्यांनी जून अखेरीस कायमचं परत जायचं ठरवलं होतं. आखातात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. इथे प्रत्येकाच्या घरात एक रिकामी बॅग पलंगाखाली असतेच. फक्त ती कधी बाहेर येईल, हे कुणी बोलत नाही. मूळ गिअरबॉक्स ठेवला असता तर व्हॅन मे महिन्यात रस्त्यावर आली असती. पाच गिअरचा बसवला असता तर ती धावेपर्यंत ते गेलेले असते.

भाऊजींनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "आमचा विचार करू नका. आम्ही जाणार, गाडी राहणार. जे राहणार त्यांना सोयीचं तेच करा." त्यावर कुणाला काही बोलता येईना. नागपूरकरांनी त्यांचं म्हणणं शब्दशः घेतलं आणि पाच गिअरची बाजू लावून धरली. त्यांचं स्वप्न सलालाहचं. ओमानच्या त्या कोपऱ्यात जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, डोंगर हिरवे होतात आणि त्या ऋतूला तिथे म्हणतात खरीफ. आपल्या खरीप हंगामातला शब्द तोच! दोह्याहून दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर, त्यातलं बहुतेक वाळवंटातून सरळ जाणारं. "एवढ्या अंतरात इंजिन बोंबलत राहिलं, तर सलालाहला पोचेस्तोवर आपण बहिरे होऊ," असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं.

एका शुक्रवारी आम्ही सगळे इंडस्ट्रियल एरियात गेलो. वेस्ट बेहून फार दूर नाही, पण जगच दुसरं. या भागाला सगळे सनाइया म्हणतात. रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. काचेच्या टॉवरमधल्या बहुतेक वस्तूंचं आजारपण इथेच निघतं. आमचे उस्ताद पेशावरकडचे, बोलणं मोजकं. त्यांनी दोन्ही बॉक्स फळकुटावर शेजारी शेजारी मांडले, कडक चहा मागवला आणि विचारलं, "बाजी, गाडी चलेगी कहाँ?"

सगळ्या चर्चेत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. गिअर म्हणजे शेवटी जमिनीचं भाषांतर. मी वही काढली.

व्हॅनच्या टायरचा एक फेरा साधारण दोन मीटरचा. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८३३ वेळा फिरतं. आमच्या जुन्या बॉक्सच्या चौथ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे सुमारे ४.४ फेरे, म्हणजे मिनिटाला ३६७० च्या आसपास. सुबारूच्या पाचव्या गिअरमध्ये हेच गुणोत्तर सुमारे ३.२, म्हणजे २६७०. हजार फेऱ्यांचा फरक. नागपूरकरांनी टाळी वाजवली.

मग मी खालचं टोक काढलं. जुन्या बॉक्सच्या पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे वीस फेरे, सुबारूच्या पहिल्यात साडेचौदा. हजार फेऱ्यांवर जुनी गाडी ताशी सहा किलोमीटरनं रांगते, नवी सव्वाआठनं. आकड्यांत फरक बारीक दिसतो. पण यवतेश्वरच्या घाटात भरलेली गाडी वळणावर थांबवून पुन्हा उचलून पाहिलेल्या माणसाला विचारा! गिअर जेवढा उंच, तेवढा क्लच अर्धवट दाबून ठेवायचा आणि तेवढा तो जळायचा.

"पण इथे घाट आहे कुठे?" नागपूरकर म्हणाले.

"आहे," मी म्हटलं. "आपल्या टॉवरखाली."

वेस्ट बेमध्ये राहणाऱ्यांना हे पटायला वेळ लागत नाही. जमिनीखाली तीन मजले पार्किंग, गोल गोल वर येणारा रॅम्प, वरच्या तोंडाशी अडसर. कार्ड लावायला थांबायचं, तेही नेमकं चढावर, आणि मागे कुणाची तरी लांबलचक लँड क्रूझर नाकाला नाक लावून उभी. १०३ मीटर उंचीच्या देशात आपल्या वाट्याला रोज येणारा घाट तो हाच. आठ माणसं आणि त्यांचे डबे घेऊन व्हॅननं तो दिवसातून दोनदा चढायचा. सलालाहला तरी काय वेगळं? थुमरैतनंतर रस्ता ढोफरच्या डोंगरातून खाली उतरतो. तिथे ब्रेकवर भिस्त ठेवून चालत नाही, खालचा गिअर गाडी धरून ठेवणारा लागतो. उताराला धरून ठेवण्यात जुना बॉक्सच पक्का.

राहिला वारा. कतारमध्ये वायव्येचा शमाल सुटला की कोम्बीचं सपाट तोंड भिंतीसारखं त्याला अडतं, आणि चढ नसतानाही चढ लागतो. उंच गिअरमध्ये इंजिन मंद फिरत असलं, तर अशा वाऱ्यात एक गिअर उतरावंच लागतं. म्हणजे शमालच्या दिवसांत पाचव्याचा फायदा निम्मा. बाकी ताशी ९० नं गेलं तर जुना बॉक्ससुद्धा ३३०० वर राहतो, आणि तेवढं सुबारूच्या इंजिनाला काहीच नाही. काळजी एकाच गोष्टीची होती. इंजिनाचा टॉर्क जुन्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट, आणि बॉक्स पन्नास वर्षांचा. उस्ताद म्हणाले, पाय हलका ठेवाल तर टिकेल, सिग्नलवर शर्यत लावाल तर नाही.

नाशिकच्या वहिनी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्याला कुठे आग विझवायला जायचंय?"

तिथेच ठरलं. हिशेब खरा होता, आजही कुणी तपासावा. पण त्या दिवशी तो करायला मी कोणत्या बाजूनं बसले होते, हेही मला ठाऊक होतं. उत्तर उलटं आलं असतं, तर मी वही इतक्या उत्साहानं वाचून दाखवली असती का, सांगता येत नाही.

परवानगीचे आणि तपासणीचे कागद नागपूरकरांनीच सांभाळले, हा त्यांचा मोठेपणा. अ‍ॅडॅप्टर प्लेट आली, बॉक्स उघडला; एक बेअरिंग आणि एक सिंक्रो रिंग सोडली तर आतलं सगळं धड निघालं. मे महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी पहाटे व्हॅन पहिल्यांदा रॅम्प चढून वर आली. पहिल्या गिअरमध्ये, अडसरापाशी थांबून, क्लचचा वास न येता. कॉर्निशवर पोरांनी खिडक्या उघडून आरडाओरडा केला. मग आम्ही दुखानच्या रस्त्याला लागलो. शमाल समोरून होता, काटा ९० वर, आवाज भरपूर. बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं. दुखान म्हणजे धूर. आमच्या गाडीतून मात्र तो निघाला नाही. पश्चिमेच्या किनाऱ्यावर वहिनींनी आणलेली मिसळ खाल्ली, पाव वाळूत पडले, भाऊजींनी परतीचा सगळा रस्ता स्वतः गाडी चालवली आणि कुणाला मागू दिली नाही.

जून अखेर येईपर्यंत अशा पाच शुक्रवारी आम्ही गेलो.

जाताना त्यांच्या वाट्याचे पैसे परत द्यायचा विषय काढला, तर भाऊजी रागावले. ते पैसे वेगळे ठेवा आणि पुढे पाच गिअरचा बॉक्स घ्यायचा झालाच तर त्यात घाला, असं म्हणाले. नागपूरकर अजून त्याची चौकशी करतात. मधला मार्ग म्हणून जुन्याच बॉक्समध्ये फक्त चौथा गिअर थोडा उंच करून घ्यावा, असं उस्ताद सुचवतात. त्यानं तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर वाढेल, पण पहिला तसाच राहील. मला तो पटतो आहे. खरीफ पुढच्या जूनला, त्यामुळे ठरवायला वेळ आहे. नाशिकहून दर आठवड्याला विचारणा येते, "गाडी काय म्हणते?"

मंडळाच्या हिवाळी सहलीला व्हॅन घेऊन येणार आहोत. आठ जणांची जागा आहे, ज्यांना बसायचं असेल त्यांनी आधी कळवावं. नव्वदच्या वर मात्र कुणी आग्रह करू नये.