गाणें आणि आजारी मन

मनाच्या दुखण्याविषयीं आपल्या घरांतून फारसें बोललें जात नाहीं. घरांत कोणास ज्वर आला तर आपण शेजाऱ्यांसही कळवितों. सून आठ दिवस बोलली नाहीं तर मात्र माजघराचें दार लोटून घेतों. म्हणूनच कीं काय, अमक्या विकारावर अमुक राग उतारा आहे असें कोणीं सांगितलें म्हणजे आपणांस मोठा धीर येतो. रागास फी नाहीं आणि बोभाटाही नाहीं!

ही कल्पना सर्वस्वी पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. रुग्णाजवळ गायनवादनांत व कथाकथनांत कुशल माणसें असावींत, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. स्पेनच्या पांचव्या फिलिप राजाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. विषण्णतेनें ग्रासलेला हा राजा राज्यकारभाराकडे पाहीना, स्वच्छतेचीही त्यास शुद्ध राहीना. १७३७ सालीं राणीनें फारिनेल्ली ह्या इटालियन गवयास बोलाविलें. त्याच्या गाण्यानें राजास उभारी आली. गोष्ट सांगणारे बहुधा येथेंच थांबतात. परंतु १७४६ सालीं राजा वारला तोंपर्यंत फारिनेल्लीस रात्रीमागून रात्री गावें लागलें. विकार गेला असता तर इतकें कशास गावें लागतें?

२०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन परीक्षणाचा निष्कर्षही असा कीं, नेहमींच्या उपचारांस संगीतोपचाराची जोड दिल्यास विषण्णतेचीं लक्षणें निदान कांहीं काळ अधिक उतरतात. ‘जोड’ हा शब्द आमच्या वडीलधाऱ्यांस रुचत नाहीं.

आमच्या थोरल्या काकू कित्येक दिवस मुक्या बसून असत. डॉक्टरांचीं औषधें सुरू होऊन महिना झाला होता. धाकटे काका सकाळीं रियाजास बसले म्हणजे त्या हळूच दाराशीं येऊन टेकत. एके दिवशीं त्या म्हणाल्या, “भाऊजी, पंचम उतरला आहे.” सारें घर स्तब्ध झालें. पंचम खरोखरच उतरला होता.

त्याच संध्याकाळीं वडील मंडळींनीं ठरविलें कीं गाण्यानें गुण येत आहे, आतां गोळ्या कशाला? आम्हीं परोपरीनें विनविलें, ऐकतो कोण! तीन आठवड्यांत काकूंनीं अन्न टाकलें, आणि तंबोरा रोज वाजत असूनही त्या दाराशीं येईनाशा झाल्या. तेव्हां कुठें डॉक्टरांस पुन्हां बोलावणें गेलें.

हल्लीं गोळी आणि तंबोरा, दोन्ही चालू आहेत. तंबोरा जुळविण्याचें काम काकूंकडे असतें. त्यांचें समाधान होईपर्यंत चहास आधण पडत नाहीं, अशी मुलांची कुरकुर असते.