तासाभराचं उकळतं पाणी

कानशीनं घासलेलं अ‍ॅल्युमिनियम चकाकतं, पण ती उघडी चकाकी क्षणभराचीच. हवेतला ऑक्सिजन लगेच तिच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा चढवतो, जेमतेम दोन-चार नॅनोमीटरचा. लोखंडाचा गंज लोखंडाला खातो, अ‍ॅल्युमिनियमचा गंज त्याला राखतो. मात्र घरच्या लेथवर हौसेनं केलेलं टॅपचं हँडल किंवा ड्रिलिंगचं जिग रोज हाताळायचं, तर एवढा पापुद्रा पुरत नाही. चार दिवसांत ते खरचटतं, हात काळे करतं. म्हणून तोच गंज विजेच्या जोरावर हजारो पटींनी जाड चढवायचा. हेच अ‍ॅनोडायझिंग.

१९२३ साली इंग्लंडात बेंगॉफ आणि स्टुअर्ट यांनी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवायला ही युक्ती काढली, ती क्रोमिक अ‍ॅसिडात. १९२७ मध्ये सल्फ्युरिक अ‍ॅसिडाची रीत आली, आणि मराठवाड्यातल्या आमच्या लोहाऱ्यासारख्या गावातल्या हौशी माणसाचं भलं झालं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं अ‍ॅसिड हेच. एका भागाला पावणेदोन-दोन भाग डिस्टिल्ड वॉटर, की झालं द्रावण तयार. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडात कधीच नाही. नग धन टोकाला, शिशाचा पत्रा ऋण टोकाला. नग टांगायची तार अ‍ॅल्युमिनियमचीच हवी, वीज सुरू असताना तांब्याची तार अ‍ॅसिड गिळून टाकतं. आणि दार उघडं ठेवायचं, कारण शिशावरून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात.

पुस्तकं सांगतात, अ‍ॅसिड वीस अंशांवर ठेवा. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आमचा एप्रिल पाहिलेला नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागात दगडमातीच्या माळवदांवरचा लोकांचा भरवसा उडाला, डोक्यावर पत्रा आला, आणि दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. अ‍ॅसिड तापलं की ते एकीकडे थर चढू देतं आणि दुसरीकडे तोच विरघळवत बसतं. मग हाताला खडूसारखी भुकटी लागते. त्यामुळे काम पहाटेचं, टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडून, आणि लाईट जाणार नाही अशी आशा धरून. सगळं जमलं तर पाऊण तासात अठरा-वीस मायक्रॉनचा थर चढतो. त्यातला एक-तृतीयांश ते निम्मा भाग धातूच्या बाहेर वाढतो, म्हणून घट्ट बसणाऱ्या भोकाचं माप आधीच किंचित सैल धरावं लागतं.

हा थर भरीव नसतो. मधमाशांच्या पोळ्यासारखा तो छिद्रांनी भरलेला असतो, चौरस सेंटिमीटरला अब्जावधी. त्या छिद्रांत रंग शिरतो आणि नग लाल-निळा होऊन बाहेर येतो. इथेच बहुतेकांचा हात थांबतो. फोटो काढून होतो, पण छिद्रं उघडीच असतात. आज रंग शिरला, उद्या त्याच वाटेनं तेल आणि घाम शिरणार.

ती छिद्रं बंद करायला लागतं फक्त उकळतं पाणी. दर मायक्रॉनला सुमारे तीन मिनिटं, म्हणजे आपल्या थराला जवळपास एक तास. ऑक्साइड पाणी धरतं, फुगतं आणि छिद्रांची तोंडं मिटतात. पण हे पाणी बोअरचं चालत नाही. आमचं बोअरचं पाणी बसाल्टच्या भेगांतून येतं, येताना क्षारांबरोबर विरघळलेली सिलिकाही आणतं, आणि थोडीशी सिलिकाही छिद्रं मिटू देत नाही. गंमत म्हणजे हाच काळा दगड कोल्हापूरकडे राधानगरीच्या घाटमाथ्यावर लाखो वर्षं पावसात झिजून बॉक्साइट झाला, आणि बॉक्साइटातूनच अ‍ॅल्युमिनियम निघतं. आमच्याकडे पाऊस बेताचा, म्हणून त्याची काळी माती झाली. दगडानं तिकडे धातू दिला, इकडे त्या धातूचं शेवटचं काम अडवलं. तेव्हा या टप्प्यालाही बॅटरीच्या दुकानातलंच डिस्टिल्ड वॉटर आणायचं. महाग पडतं, पडू द्या.

वापरलेलं अ‍ॅसिड नालीत ओतू नका, खाण्याचा सोडा टाकून फसफस थांबेपर्यंत आधी मारा. आणि नग कोणाला दाखवण्यापूर्वी त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर शाईचा एक थेंब ठेवा, पाच मिनिटांनी पुसा. डाग राहिला तर रंग कितीही सुरेख असो, ते काम अर्धं आहे.