लंडनची दाढीची पेठ

पुण्यात तांबट आळी आहे, बोहरी आळी आहे. मुंबईत झवेरी बाजार आहे. एका धंद्याची दुकाने एकमेकांना खेटून मांडण्याची ही रीत खास आपलीच, असा आपला समज असतो. लंडनमध्ये पिकॅडिलीच्या गजबजाटातून दक्षिणेकडे एक वळण घेतले, की हा समज गळून पडतो. पिकॅडिलीला समांतर असा तिथे जर्मिन स्ट्रीट नावाचा एक सरळ, काहीसा अरुंद रस्ता आहे. पुरुषमाणसाने नीटनेटके दिसावे म्हणून जे जे लागते, ते ते सारे या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास मिळते. सदरे, टाय, बूट, टोप्या, अत्तरे आणि दाढीचे सामान! आमच्या सौभाग्यवतींनी दोन्ही बाजूंच्या काचा पाहत पाहत शंभर पावले टाकली आणि म्हणाल्या, "अहो, इथे आमच्यासाठी काहीच नाही हो!" लंडनला आल्यापासून पहिल्यांदाच आमचे पाकीट निर्धास्त झाले.

रस्ता जुना आहे. सतराव्या शतकात हेन्री जर्मिन या सरदाराने हा भाग वसवला आणि त्याचे नाव रस्त्याला कायमचे चिकटले. सर ख्रिस्तोफर रेनने बांधलेले सेंट जेम्सचे चर्च १६८४ पासून इथे उभे आहे. त्याचे एक दार पिकॅडिलीकडे, तर दुसरे या रस्त्यावर उघडते. टांकसाळीचा कारभार पाहायला न्यूटन १६९६ साली लंडनला आला, तेव्हा त्याने बिऱ्हाड केले ते इथेच. ८९ नंबरच्या घरात १७३० साली मिनोर्का बेटावरून आलेल्या फ्लोरिस नावाच्या गृहस्थाने कंगव्यांचे आणि अत्तरांचे दुकान थाटले. ते आजही त्याच जागी आहे. ७४ नंबरला 'टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट' ही १८५४ साली निघालेली पेढी आहे. नावात एक रस्ता आणि पत्त्यात दुसरा! कोपऱ्यावरून सेंट जेम्स स्ट्रीटला वळलात, तर डी. आर. हॅरिस हे १७९० चे औषधांचे आणि साबणांचे दुकान लागते, आणि त्याच रस्त्यावर १८०५ साली सुरू झालेले ट्रूफिट अँड हिलचे केशकर्तनालय. आपल्याकडे पेशवाई चालू होती, तेव्हापासून ही मंडळी लोकांच्या हनुवट्या गुळगुळीत करीत आहेत.

या पेठेचे जणू ग्रामदैवतही रस्त्यावरच उभे आहे. ब्यू ब्रुमेल या गृहस्थाचा ब्राँझचा पुतळा इथे २००२ साली बसवला. हा ना राजा, ना मोठा सेनापती, ना कवी. अंगावर स्वच्छ कपडे असावेत आणि दाढी रोजच्या रोज झालेली असावी, हे वेड एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने लंडनच्या उमरावांना लावले, एवढीच त्याची कर्तबगारी. कर्जापायी १८१६ साली तो फ्रान्सला पळाला आणि १८४० साली तिथेच विपन्नावस्थेत वारला. त्याचे देणेकरी विस्मृतीत गेले, पण रोज दाढी करण्याचा त्याचा नेम मात्र जगभर राहिला.

या पेठेत माझे जे काम होते, त्याचा संबंध अशाच एका नेमाशी होता. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळी साडेसहाला गॅलरीत आरसा टेकवायचा, वाटीत गरम पाणी घ्यायचे आणि गोल साबणाच्या वडीवर ब्रश फिरवायचा, हा त्यांचा साठ वर्षांचा शिरस्ता. अलीकडे त्यांचा उजवा हात कापतो. घरात हळूहळू बोलणे सुरू झाले, की आता न्हाव्यालाच एक दिवसाआड घरी बोलवावे. अण्णांनी ते ऐकले आणि एकच वाक्य बोलले, "माणसाने आपली दाढी दुसऱ्याच्या हाती द्यावी ती लग्नात, नाहीतर आजारपणात. माझे लग्न होऊन गेले, आणि मी आजारी नाही."

त्यांच्या नातवाने हौसेने त्यांना एक महागडा ब्रश आणून दिला होता. रेशमासारखा मऊ, लांब केसांचा, दिसायला मोठा देखणा. पण अण्णा म्हणाले, "हा ब्रश नव्हे रे, हे मोरपीस आहे." कोरड्या, टणक वडीवर तो ब्रश फिरवला की त्याचे केस चहूकडे फिसकटत. फेस निघायला पाच-सहा मिनिटे घोटावे लागे, आणि तेवढ्यात हात दमून जाई. मग वस्तरा धरायची वेळ आली की बोटे अधिकच थरथरत. लेकीकडे महिनाभर लंडनला निघालो, तेव्हा अण्णांनी आपण होऊन काही मागितले नाही. पण मी निघताना ते म्हणाले, "तिकडे ब्रश चांगले मिळतात म्हणतात." आमच्या अण्णांच्या बोलीत ही मागणीच होय!

एका दुकानात शिरलो. काचेच्या कपाटात ओळीने ब्रश उभे होते, शोभेच्या बाहुल्यांसारखे. विक्रेता मध्यमवयीन, गळ्यात टाय. त्याने किंमत किती परवडेल हे विचारले नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा, "वापरणार कोण?" मी सांगितले. दुसरा प्रश्न, "साबण कोणता? मऊ क्रीम की टणक वडी?" तेही सांगितले. तेव्हा त्याने पुढे केलेला सर्वांत देखणा ब्रश परत कपाटात ठेवला आणि आतून दोन दुसरे ब्रश काढले. पुढच्या अर्ध्या तासात मला जे शिकायला मिळाले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे सांगतो.

उत्तम ब्रश म्हणून नावाजले गेलेले हे ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे असतात. पाणमांजराच्या कुळातला हा बिळात राहणारा, निशाचर प्राणी. फ्रेंच भाषेत या प्राण्याला 'ब्लेरो' म्हणतात आणि दाढीच्या ब्रशालाही 'ब्लेरो'च म्हणतात. इतके त्यांचे नाते जवळचे. याच्या केसाचे टोक निसर्गतःच बारीक आणि निमुळते असते. म्हणून चांगला कारागीर केसांची टोके कधी कातरत नाही. झुबक्याला घुमटासारखा आकार द्यायचा तो केस साच्यात हाताने जुळवून. कापायचे ते बुडाकडून, जे मुठीच्या खोबणीत लपते. टोके कातरलेला ब्रश गालाला बोचतो.

दर्जाची नावेही ऐकण्यासारखी आहेत: प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप. आपल्याला वाटते, ही सोन्याच्या कॅरटसारखी काहीतरी पक्की मापे असतील. तसे मुळीच नाही. प्रत्येक कारखान्याची नावे आपापल्या मर्जीची. एकाचा 'बेस्ट' तो दुसऱ्याचा 'सुपर'. शिवाय ही नावे मुख्यतः टोकांचा मऊपणा आणि केसांचा रंग सांगतात. ब्रश ताठ आहे की लेचापेचा, हे त्यावरून कळत नाही. ताठपणाला इंग्रज जाणकारांचा शब्द आपल्याला लगेच पटेल असा आहे. ते म्हणतात, ब्रशाला 'कणा' असावा लागतो.

हा कणा येतो कुठून? तीन गोष्टींतून. पहिली, झुबका किती दाट बांधला आहे. एकाच खोबणीत जास्त केस ठासले, की ते एकमेकांना आधार देतात. दुसरी, केसांची जात. टोकाला पांढरा आणि खाली काळा असा दुरंगी केस साधारणपणे जाड आणि ताठ असतो. पांढरा, काळा, पुन्हा फिकट असा तिरंगी केस बहुधा नरम असतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे गिऱ्हाइकाचे लक्ष सर्वांत कमी जाते. ती म्हणजे मुठीबाहेर दिसणारी केसांची उंची. एका टोकाला घट्ट धरलेली काठी जितकी लांब, तितकी ती सहज वाकते. आणि हा फरक लांबीच्या घनाच्या हिशेबाने पडतो. म्हणजे पंचावन्न मिलिमीटर उंचीचा झुबका पन्नासवर आणला, तर केस तेच असूनही ताठपणा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पाच मिलिमीटर म्हणजे दोन तांदळाचे दाणेही नव्हेत! उंच, डौलदार ब्रश कपाटात शोभतो, पण टणक वडीवर आखूडच कामाला येतो.

विक्रेत्याने दोन्ही ब्रश माझ्या हातात दिले. "टोके तळहातावर दाबा, आणि सोडा." पहिला दाबला तो दबूनच राहिला. दुसरा दाबला, तसा त्याने हाताला हलकीशी उसळी दिली आणि पुन्हा उभा राहिला. त्याची टोके पहिल्याइतकीच मऊ लागत होती, हे विशेष. मऊ टोक आणि ताठ अंग हे एकत्र नांदू शकतात, हे मला त्या दिवशी कळले. मूठही आखूड आणि जाड होती. "कापऱ्या हाताला बारीक मूठ धरायला जास्त जोर लागतो," तो म्हणाला. सिम्पसन या १९१९ साली निघालेल्या इंग्लिश पेढीचा 'चबी', म्हणजे गुबगुबीत, नावाचा ब्रश याच घाटाचा आणि दाट झुबक्यासाठी प्रसिद्ध आहे. ही पेढी आता आयल ऑफ मॅन बेटावर आपले ब्रश बांधते.

एवढे सगळे पटले तरी माझा हात खिशाकडे जाईना. कारण कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या लेकीने मघाशीच हळूच विचारले होते, "बाबा, यासाठी प्राणी मारतात ना?" मारतात. इंग्लंडात बॅजरचे मोठे कौतुक. केनेथ ग्रॅहमच्या १९०८ सालच्या मुलांच्या पुस्तकात तो एक वडीलधारा, एकलकोंडा गृहस्थ आहे. या देशात त्याला १९७३ पासून कायद्याचे संरक्षण आहे, आणि १९९२ चा कायदा तर त्याच्या बिळालाही हात लावू देत नाही. ब्रशांसाठी लागणारे केस येतात ते प्रामुख्याने चीनमधून. घरच्या बॅजरला कायदा आणि परक्या बॅजरला कात्री, असा हा व्यवहार. विक्रेत्याने काही लपवले नाही. त्याने कृत्रिम धाग्यांचे ब्रशही दाखवले; हल्ली ते फार चांगले निघतात आणि पुष्कळ लोक तेच घेतात. मी दाबून पाहिले. उसळी इतकी होती, की कापऱ्या हातातून फेस भिंतीवर उडाला असता.

मग दुकानातूनच अण्णांना फोन लावला. सगळे सांगितले, जनावराचेही सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "ताठ आहे ना?" म्हटले, "आहे." "मग असा घे, की माझ्यासाठी पुन्हा दुसरा घ्यावा लागू नये." चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस हे वाक्य किती सहज बोलून जातो! ऐकणाऱ्याला मात्र ते सहज घेता येत नाही. मी ताठ ब्रश बांधून घेतला. लेकीला तो निर्णय पूर्ण पटला नाही, आणि तिचे म्हणणे खोडून काढावे असे मलाही वाटले नाही.

विक्रेत्याने पुडक्याबरोबर चार सूचना दिल्या. नव्या ब्रशाला आठवडाभर जनावराचा वास येतो, दोन-चार केसही गळतात, घाबरू नये. पाणी गरम असावे, उकळते नसावे. वापरल्यावर साबण पूर्ण धुवावा, पाणी झटकावे आणि ब्रश मोकळ्या हवेत वाळवावा. ओला ब्रश बंद कपाटात ठेवू नये. यातली शेवटची सूचना आपल्या पावसाळ्याला विशेष लागू आहे.

परत आल्यावर मी अण्णांना ब्रश दिला आणि मुद्दाम गॅलरीकडे फिरकलो नाही. स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. वडीवर ब्रश फिरल्याचा खसखस आवाज आला, आणि मिनिटभरात थांबला. पंधरा मिनिटांनी अण्णा बाहेर आले. डाव्या कानाखाली थोडे खुंट राहिले होते. ते कोणी दाखवले नाही. न्हाव्याचा विषय त्या दिवसापासून घरात निघालेला नाही.

वाचकांपैकी कोणी लंडनला गेले, तर त्यांनी ही पेठ जरूर पाहावी. ब्रश घ्यायचा असेल, तर नावावर आणि उंचीवर जाऊ नये. तळहातावर दाबून पाहावा. आणि कोणासाठी घेतो आहोत, हे दुकानदाराने विचारण्यापूर्वीच सांगून टाकावे.