साखर आली!

मी लहान असताना पंचवटीतल्या आमच्या वाड्यात एक स्टॉक ट्रॅकर होता. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू. त्यांच्या गॅलरीतून रेशनच्या दुकानाचं मागचं दार दिसायचं. तिथे हातगाडीवरून पोती उतरायला लागली की काकू हातातलं काम टाकून ओरडायच्या, "साखर आली गं!" पाच मिनिटांत अख्खा वाडा पिशव्या नि कार्डं घेऊन रांगेत. दुकानदार जाम वैतागायचा. त्याचं म्हणणं, मी फळ्यावर लिहीन तेव्हाच साखर आली असं समजायचं. काकूंचं म्हणणं, फळ्यावर लिहीपर्यंत अर्धी पोती 'जातात'. मग एक दिवस त्याने मागच्या दाराला गोणपाटाचा पडदा लावला. झालं! ट्रॅकर बंद.

काकू आठवायचं कारण म्हणजे गेल्या रविवारी जुना लॅपटॉप साफ करताना 'लस' नावाचं एक फोल्डर सापडलं. आत पायथनची एकच फाइल. साठेक ओळींची. बायकोने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अजून ठेवलंयस हे?"

पण आधी थोडं २०१३ कडे जाऊ. त्या वर्षी आयफोन ५एस आला आणि अमेरिकेत तो सहज मिळेना. कुठल्या अॅपल स्टोअरमध्ये कुठला रंग, किती जीबीचा शिल्लक आहे हे अॅपलच्याच साइटवर दिसायचं, पण एकेक दुकान, एकेक मॉडेल निवडून बघत बसावं लागायचं. कोणीतरी शहाण्या माणसाने 'अॅपल-ट्रॅकर' नावाची साइट काढली. पिनकोड टाका, आसपासच्या दुकानांतला सगळा स्टॉक एका तक्त्यात. फुकट. नोव्हेंबरात रेटिना डिस्प्लेवाला आयपॅड मिनी आल्यावर तिचा भाव आणखी वाढला, आणि त्याच महिन्यात अॅपलने कॉपीराइट कायद्याचा, म्हणजे तिथल्या डीएमसीएचा, बडगा दाखवून ती बंद करायला लावली. आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये यावर दोन दिवस चर्चा. वास्तविक आपल्या देशात तेव्हा अॅपलचं स्वतःचं एकही दुकान नव्हतं (पहिलं उघडलं ते २०२३ च्या एप्रिलमध्ये, मुंबईत), त्यामुळे कोणाचं काय अडणार होतं? पण राग मात्र सगळ्यांना आला. मी तर हिरिरीने बोललो होतो. जी माहिती तुम्हीच उघड्यावर मांडलीत, ती कोणी नीट रचून दाखवली तर तुमचं काय गेलं? ग्राहक येतोय तुमच्याच दुकानात ना? हे माझं मत आजही तसंच आहे. फक्त तेव्हा ते मला फार सोपं वाटायचं.

आता २०२१. मी पुण्याची खोली सोडून नाशकात आई-बाबांकडे येऊन घरून काम करत होतो. एप्रिल कसा गेला ते नाशिककरांना सांगायला नको. २१ तारखेला झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची टाकी गळली आणि निदान २२ माणसं गेली. त्यानंतर आमच्या घरात 'लस कधी' याखेरीज दुसरा विषय नव्हता. आई-बाबांचा पहिला डोस झाला होता. राहिलो आम्ही दोघं. २८ एप्रिलला दुपारी चार वाजता कोविनवर अठरा वर्षांपुढच्यांची नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांनी नावं घातली. त्यात आम्हीही. नाव घालणं सोपं होतं. जागा मिळणं अवघड.

आकडेच बघा ना. महाराष्ट्रात १८ ते ४४ वयाचे ५ कोटी ७१ लाख लोक, हा सरकारचाच हिशोब. १ मेला मोहीम सुरू झाली तेव्हा या गटासाठी हातात डोस होते ३ लाख. म्हणजे १९० माणसांमागे एक! यात कोणी कितीही भारी सॉफ्टवेअर लिहिलं तरी १८९ जण बाहेरच राहणार होते. हे साधं त्रैराशिक त्या दिवसांत मला सुचलं नाही. कोणालाच सुचत नव्हतं.

कोविनने एप्रिलच्या शेवटी एक चांगली गोष्ट केली होती. उपलब्धतेची माहिती कुठल्याही प्रोग्रॅमला मागता येईल अशी, लॉगिनशिवाय, खुली ठेवली होती. जिल्ह्याचा नंबर आणि तारीख पाठवायची, उत्तरात सगळी केंद्रं, वयाची अट आणि शिल्लक जागा. झालं, देशभरातल्या प्रोग्रॅमर मंडळींनी शनिवार-रविवार सत्कारणी लावला. चेन्नईच्या एकाने 'अंडर४५ डॉट इन' काढली. ज्यांना ४५ ची अट लागू नाही अशा जागा तेवढ्या गाळून दाखवायच्या आणि जिल्ह्यावार टेलिग्रामवर आरोळी ठोकायची. काकूच की! मागोमाग आणखी डझनभर निघाल्या. हेल्थीफायमीने काढली, पेटीएमने काढली. आमच्या कंपूत नाशिकच्या चॅनेलचं टिंग वाजलं की जेवणाच्या पानावरून उठून लोक ओटीपीच्या मागे धावायचे.

आणि मग मेच्या पहिल्याच आठवड्यात नळ आवळला. बंद नाही केला, नोटीस नाही, काही नाही. फक्त खुली माहिती आता तीस मिनिटांपर्यंत शिळी असू शकेल, आणि एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विनंत्या. जागा उघडल्यापासून दोन-तीन मिनिटांत संपत होत्या. तिथे अर्ध्या तासाची शिळी बातमी म्हणजे गोणपाटाचा पडदाच की. शिवाय बुकिंग करताना कॅप्चा आला. सरकारी बाजूचं कारण चुकीचं नव्हतं. हजारो प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी एकच प्रश्न विचारत राहिले तर ज्याला खरंच बुकिंग करायचंय त्याचं पान कसं उघडणार? पण तेव्हा आम्ही सगळ्यांनी यथेच्छ शिव्या घातल्या.

गंमत पुढे आहे. शिळी झाली होती ती फक्त खुली माहिती. स्वतःच्या मोबाइलचा ओटीपी घालून लॉगिन केलं की आत ताजी माहिती मिळत होती. म्हणजे सगळ्यांसाठी ओरडणाऱ्या साइट लंगड्या झाल्या, आणि ज्याला स्वतःपुरता प्रोग्रॅम लिहिता येतो त्याचं काहीच बिघडलं नाही. उलट त्याची स्पर्धा कमी झाली. लॉगिन पंधरा मिनिटांत संपतं? फोनवर आलेला ओटीपी लॅपटॉपकडे आपोआप पाठवा. कॅप्चा? त्याची अक्षरं ओळखून देणारा कोड दोन दिवसांत फुकट मिळायला लागला. मी हे सगळं एका रात्रीत जोडलं. पहाटे दोनला संपलं तेव्हा काय आनंद झाला होता! खोटं कशाला बोलू.

सोमवारी, १० मेला, रात्री तो कर्कश वाजला. नाशिक शहरात नव्हे, दिंडोरीच्या पलीकडे आतल्या एका गावात. दोन जागा, उद्याच्या. बायकोचं आणि माझं नाव सात सेकंदांत लागलं. कोविनला कोण कुठला याच्याशी देणंघेणं नव्हतं, देशात कुठूनही कुठेही बुक करा.

सकाळी पोचलो तर शाळेच्या आवारात लस चालू होती, आणि आवाराबाहेर चिंचेखाली गाड्याच गाड्या. स्विफ्ट, क्रेटा, एक इनोव्हा. रांगेत सगळे आमच्यासारखेच. एन-९५ मास्क, सॅनिटायझरची छोटी बाटली, हातात मोबाइल. दोघांच्या गळ्यात तर कंपनीच्या आयकार्डाची दोरी होती (का, ते देव जाणे). गावातली माणसं फाटकाबाहेर होती. चार-पाच तरुण पोरं मोटारसायकलींना टेकून आमच्याकडे बघत होती. आशाताई यादीवर खुणा करत होत्या. त्यांनी माझं नाव शोधलं, चार आकडी नंबर ताडून पाहिला, आणि मान वर करून अगदी सरळ विचारलं, "दादा, तुम्हाला कसं काय मिळतं हो? आमची पोरं रात्री टेकडीवर जाऊन रेंज धरून बसत्यात, उघडलं की फुल. एक पण नाव लागलं नाही गावाचं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे पोरांना सांगता येईल.

मी म्हटलं, "नशीब, ताई."

बायकोने माझ्याकडे बघितलं. लस घेऊन अर्धा तास बसायचं होतं, तो अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही.

परत निघताना मी गाडी थांबवली आणि त्या पोरांतल्या एकाला विचारलं, तुझं नाव लावून देऊ का? द्राक्षाच्या बागेत कामाला होता, घरी म्हातारी आई. माझ्या प्रोग्रॅमला ओटीपी लागायचा, आणि त्याच्या फोनला रेंज टेकडीवर. पण एका मोबाइलवर चार जणांची नावं चालत होती, म्हणून माझ्याच नंबरवर त्याचं नाव घातलं. आधारकार्डाचा फोटो घेतला. तो म्हणाला, "होईल ना?" मी म्हटलं, दोन दिवसांत.

दुसऱ्या दिवशी, १२ मेला, राज्य सरकारने १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं. डोसच नव्हते. प्रोग्रॅम मी चालू ठेवला होता. दर दहा सेकंदांनी विचारायचा, दर दहा सेकंदांनी शून्य. आठ-दहा दिवस मी ते शून्य बघत होतो. मग बंद केला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, नियमात बसत होतं की. बसत होतं. काकूंचंही बसत होतं. पण काकू ओरडायच्या तेव्हा अख्ख्या वाड्याला ऐकू जायचं, दुकानदाराच्या पुतण्यालासुद्धा. मी हेडफोन लावून ऐकत होतो. पडदा लावणाऱ्याला मी दोष देत राहिलो, आणि मागच्या दाराची एक किल्ली माझ्याच खिशात होती. मेच्या शेवटी सुप्रीम कोर्टानेही केंद्राला विचारलंच, की ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याने कोविनवर नोंदणी करायची कशी. तोवर केंद्रावर थेट जाऊन नाव घालायची सोय जाहीर झाली होती, आणि जूनच्या उत्तरार्धात आपल्याकडे अठरापुढच्या सगळ्यांना लस पुन्हा सुरू झाली.

जुलैत एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आशाताई होत्या. मागे गलका चालला होता.

"दादा, तो आमचा पोरगा तुमच्या मोबाइलवर लावलाय ना तुम्ही? इथं दाखवतंय. चार आकडी नंबर सांगा त्याचा."

मी धडपडत लॉगिन केलं आणि सांगितला. म्हटलं, "ताई, रांग मोठी आहे का?"

"आहे की. सकाळी सहापासून बसलेत. पण सगळी गावातलीच हायेत. बरं, ठेवते."