दुसऱ्याच्या हाताचे जोड

गिरगावच्या वाडीत रात्री गाडीचा सायरन सुटला की अख्खी चाळ गॅलरीत येते. गाडी आणि झोपलेला माणूस यांच्यात इथे एका खिडकीचंच अंतर असतं. म्हणून ‘नवी बॅटरी टाकली आणि अलार्म वेडा झाला’ ही तक्रार मी, गाड्यांचा वायरमन, कधी किरकोळ मानली नाही.

लोक पहिला आळ नव्या बॅटरीवर घेतात. बहुतेकदा ती निर्दोष असते. बाहेरून बसवलेल्या अलार्मला वीज तुटणं म्हणजे चोरी, एवढंच शिकवलेलं असतं. वीज गेली तेव्हा आपण कोणत्या स्थितीत होतो हे बरीच युनिट्स लक्षात ठेवतात. गाडी लॉक असतानाच बॅटरी संपली असेल, तर नवीचं टर्मिनल टेकताच ती पहाऱ्यावरच जागी होतात आणि बोनेट उघडं पाहून ओरडतात. रिमोटने शांत झालं तर प्रश्न मिटला. रिमोट चालत नसेल तर आधी त्याचा सेल बदलायचा. तरीही नाही, तर किल्ली ऑन करून डॅशबोर्डखाली लपवलेलं छोटं बटण दाबायचं. ते बटण कुठे आहे हे मालकाला सहसा माहीत नसतं. ज्याने बसवलं त्यालाच माहीत.

माझं खरं काम इथे सुरू होतं. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे घरोघरी गाड्या झाल्या, पण कितीतरी गाड्यांना कंपनीचा अलार्म नव्हता. मग नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांची युनिट्स कोपऱ्याकोपऱ्यावरच्या वायरमननी बसवली. प्रत्येकाचा हात वेगळा. डॅशबोर्डखाली डोकं घातलं की तो हात दिसतो. कुणी झाळून, स्लीव्ह चढवून, अर्थ थेट बॉडीच्या बोल्टला घेतलेला असतो. कुणी नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेली असते, आणि मुंबईच्या उकाड्यात तिचा गोंद सुटून तांबं उघडं पडलेलं असतं. ज्याला मी कधी भेटलो नाही, त्याने काय विचार केला असेल ते त्या जोडांवरून ओळखायचं. हे मला या धंद्यातलं सर्वांत मोलाचं कसब वाटतं.

सेल्फ लागत नाही म्हणून आलेल्या गाडीला मी आधी मीटर लावतो. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. किल्ली फिरवताना आकडा ९च्या खाली कोसळला, तर दोष बॅटरीत किंवा ढिल्या टर्मिनलमध्ये. पण आकडा जागचा हललाच नाही, तर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाही. मग सेल्फची वायर कापून अलार्मसाठी मधे घातलेला पाच पायांचा रिले शोधायचा. कापलेली वायर परत थेट जोडून गाडी चालू करणं सोपं असतं. रात्री टाटा हॉस्पिटलबाहेर पेशंट गाडीत बसलेला असेल तर मीही तेच करीन, आणि मालकाला सकाळी परत बोलवीन. एरवी मात्र रिले बदलतो. सायरनची वायर कापून गिऱ्हाईक परत पाठवणं मला मान्य नाही.

बोनेटचा पिन-स्विच हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. समुद्राची हवा आणि पावसाळ्यात हिंदमाता चौकात तुंबलेलं पाणी यांनी त्याची स्प्रिंग गंजलेली असते. कित्येकदा बोनेट फार दिवसांनी, बॅटरीसाठीच, उघडतं. पिन वर येते ती तिरकी. बोनेट लावलं तरी ती पूर्ण दबत नाही, आणि युनिट समजतं बोनेट उघडंच आहे. काही सायरनच्या पोटात स्वतःचा सेल असतो, वीज कापली तरी ओरडावं म्हणून. त्याची बारीक किल्ली मालकाने हरवलेली असली की बॅटरी काढतानाच गोंधळ सुरू होतो. लालबागला गणपतीत ढोल-ताशाने शॉक सेन्सर उठतो. त्याचा स्क्रू थोडा कमी करावा, पार शून्यावर नेऊ नये.

आणि मुळात जुनी बॅटरी मेली का, हे विचारल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. आधी निगेटिव्हमध्ये मीटर घालायचा, मग गाडी लॉक करून थोडं थांबायचं आणि गळती मोजायची. ५० मिलिअँपच्या आत असेल तर ठीक. २०० असेल तर दिवसाला जवळजवळ ५ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ची बॅटरी आठवड्यात रिकामी. आमच्याकडे पुष्कळ गाड्या फक्त रविवारी निघतात. अशा घरी बॅटरीमागून बॅटरी बदलली जाते, आणि डॅशबोर्डखालचा तो पीळ दिलेला जोड तसाच राहतो.

काम झालं की बटणाची जागा, कापलेल्या वायरचा रंग आणि रिलेची जागा कागदावर लिहून फ्यूजबॉक्सच्या झाकणात चिकटवतो. पुढचा वायरमन कोण असेल ठाऊक नाही, पण त्याला अंदाज बांधत बसावं लागू नये.

शेवटची चाचणी मालकासमोर, दिवसाउजेडी. काच अर्धी खाली घ्यायची, गाडी लॉक करायची, हात आत घालून दार उघडायचं. सायरन वाजलाच पाहिजे. परळला केईएम, वाडिया, टाटा एकमेकांच्या शेजारी, आणि रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. त्यामुळे तिथली गाडी असेल तर चाचणीसाठी मी ती आधी लालबागच्या बाजूला आणतो.