चौकटीवरची खूण

आम्ही खामगावला राहत होतो. दर ईदला अब्बा मला दाराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने खूण करीत.

तेराव्या वर्षी मुले मला 'ढोल्या' म्हणत. मी डबा गुपचूप बकरीला घालू लागलो. हा काही रोजा नव्हता. रोजा संध्याकाळी सुटतो तरी!

पुढच्या ईदला नवी खूण जुन्या खुणेवरच पडली. धाकटा भाऊ माझ्याएवढा झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "बाळा, याच वयात मुलगे झपाट्याने वाढतात. अन्न मिळाले नाही, तर शरीर आधी जीव सांभाळते. उंची आणि हाडे मागे पडतात. हा आजार आहे. मुलग्यांनाही होतो."

अम्मीने ज्वारीची भाकरी पुढे केली. पहिला घास गिळायला मला फार वेळ लागला.

खूण वर सरकायला वर्ष गेले. भाऊ अजूनही माझ्यापेक्षा बोटभर उंच आहे.